राखणदार माळावर गेला

कंपनीची गाडी गोदूबाईच्या दारात थांबली की विमलबाईच्या हातातला विळा चुकायचा. आज तो बोटालाच लागला. कापलेली भाताची मूठ तिने बांधावर आपटली आणि बोट तोंडात घातलं.

"बगा, गेला सायब तिच्या अंगनात! आता च्या पिल्याबिगार उठायचा नाय."

"पिऊ दे की. तुज्या म्हशीचं दूध पितो काय त्यो?" तिचा नवरा हिरामण वाकून कापतच राहिला.

गोदूबाई ही विमलबाईची धाकटी जाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा विमलबाईनेच भांडभांडून ओढ्याकाठचं भाताचं शेत घेतलं आणि डोंगरावरचा माळ दिराच्या गळ्यात मारला. गवताशिवाय काही उगवत नव्हतं तिथे. त्या दिवशी तिने घरात गोडधोड केलं होतं. पुढे दीर वारला आणि आता त्याच माळावर पवनचक्की उभी राहणार होती. साहेब गोदूला 'मावशी' म्हणत होता. तिच्या मुलाची, प्रणितची, धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट सुटून त्याला घराजवळ नोकरी लागली होती. विमलबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. बरं, गोदू शिष्ट म्हणावी तर तसंही नाही. कंपनीने दिलेले पेढे तिने सगळ्यांत आधी थोरल्या जावेकडे पाठवले. विमलबाईने ते म्हशीला घातले, आणि म्हशीने ते आवडीने खाल्ले याचाही तिला राग आला.

मग एकदा ग्रामपंचायतीत सभा झाली. पुरातत्त्व खात्याच्या नमिता मॅडम आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काम करताना कोरीव दगड, जुनं खापर, काहीही निघालं तर हात लावू नका. तिथलं काम लगेच थांबवून आम्हाला कळवायचं." गाव जांभया देत होतं. विमलबाई मात्र कान टवकारून बसली होती.

तिच्या शेताच्या बांधावर राखणदार होता. शेत राखणारा देव, गुडघ्याएवढा दगड. दरवर्षी भाताच्या झोडणीआधी त्याला नारळ-कोंबड्याची राखण द्यायची आणि वर शेंदूर चढवायचा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने तो पार गोळा झाला होता. पण ती नवी नवरी असताना एकदा त्याचं कवच गळून पडलं होतं आणि आतला घोडा, घोड्यावरचा तलवारवाला, वरचे चंद्र-सूर्य तिने डोळ्यांनी पाहिले होते. सासूने लगेच नवा शेंदूर थापला, त्यामुळे बाकी कुणाला ते माहीत नव्हतं.

दसऱ्यानंतर धावीर महाराजांच्या पालखीला सगळं गाव रोह्याला गेलं. विमलबाईने पोट धरलं आणि घरी राहिली. हिरामणलाही तिने ठेवून घेतलं.

"अगो, राखणदाराला हलवायचा? टकुरं फिरलं काय तुजं?"

"हलवायचा नाय, माळावर न्यायचा. थोडं दिस वारं खाऊ दे त्याला. चक्की गेली का परत आनू."

कोयत्याच्या मुठीने तिने शेंदूर फोडला, चिंच लावून दगड घासला. ओढ्यातला एक गोटा उचलून रिकाम्या जागी बसवला, त्याला भरपूर शेंदूर थापला. मग खरा राखणदार फळीला बांधून बैलांनी वर ओढला आणि पवनचक्कीच्या पायासाठी जेसीबीने उकरलेल्या मातीत अर्धा पुरला. हिरामण सगळा वेळ देवाची माफी मागत होता. विमलबाईला मात्र फार दिवसांनी हलकं वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी दगड सापडला आणि काम थांबलं. जेसीबी गेला. गोदू पायरीवर तोंडाला पदर लावून बसली. विमलबाई मुद्दाम तिच्याकडे सांत्वनाला गेली आणि बिनसाखरेचा चहासुद्धा चवीने प्यायली.

पण नमिता मॅडमची माणसं दगडाभोवतीची माती काढत खाली गेली, तर खाली देवळाचं जोतं! घडीव चिऱ्यांचं, चांगलं लांबरुंद. खापरं निघाली, एक मोडकं नंदीचं तोंड निघालं. मॅडम हरखून गेल्या. "हा वीरगळ आहे. लढाईत मेलेल्याच्या नावाचा दगड. या देवळासमोरच उभा असणार. शेंदराचे कणही आहेत, म्हणजे पूजा व्हायची याची."

देऊळ राखायचं ठरलं. भोवती कुंपण आलं, त्याची किल्ली गोदूच्या कमरेला लागली, पेपरात तिचा फोटो आला. आणि पवनचक्की? ती माळाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. तेही टोक गोदूचंच.

हे ऐकलं तशी विमलबाई ताडताड माळावर गेली. मॅडम, साहेब, अर्धं गाव तिथे होतं.

"त्यो माजा देव हाय! माज्या बांधावरचा! मीच आनून पुरला हितं!"

काळुराम सरपंच हसला. "वयनी, तुमचा राखणदार तर तुमच्या बांधावर बसलाय. आत्ताच त्याला हात जोडून आलो मी."

"त्यो ओढ्यातला गोटा हाय!"

आता सगळेच हसले. "जावेचं बरं झालेलं बगवत नाय म्हातारीला," मागून कुणीतरी म्हणालं.

"आवो, तुम्ही तरी सांगा की!" तिने नवऱ्याकडे पाहिलं. असा दगड हलवणं गुन्हा आहे, असं मॅडमनी नुकतंच सांगितलं होतं. हिरामण पायाने माती उकरत म्हणाला, "मला काय बी ठाव नाय बाबा."

झोडणीचा दिवस आला. हिरामणने गावासमोर त्या गोट्याला कोंबडा दाखवला. विमलबाईला ते बघवेना. कोंबडा गोट्याला आणि शेत मात्र उघडं! पदराखाली नारळ झाकून ती माळ चढली. कुंपणाला कुलूप होतं. गोदूला हाक मारावी लागली.

गोदू किल्ली घेऊन आली. कुलूप काढलं. "ये गो बाय. पर चप्पल भायेर काढ. मॅडमनी सांगितलंय."

विमलबाईने चप्पल काढली, नारळ फोडला, हात जोडले. दरवर्षी ती आपल्या शेताची राखण मागायची आणि हळूच एक वाक्य जावेच्या वाइटाचंही घालायची. यंदा ते वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच अडकलं. राखणदार ज्याच्या रानात उभा, त्याचीच राखण करतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.