उकळलेला दगड

"वहिनी, टँकमधल्या दगडावर गरम पाणी कधी ओतू नका," फिश टँकवाल्या दुकानदाराने बजावलं होतं. मी मान डोलावली आणि विसरले. मी जीवशास्त्राची पदवीधर, तो मासे विकणारा. कुणी कुणाला शिकवायचं?

नवऱ्याने खाऱ्या पाण्याचा टँक मांडला तेव्हापासून आमच्या घरात दोन बाळं आहेत. आठ महिन्यांच्या लेकीचा ताप 'उतरेल आपोआप'. दगडी प्रवाळाच्या पाण्यातलं कॅल्शियम मात्र रोज थेंब मोजून तपासायचं.

त्या प्रवाळाला खेटून, त्याच दगडावर, तपकिरी बटणांसारखं काहीतरी पसरलं, आणि प्रवाळ पांढरं पडू लागलं.

"हेही दगडी प्रवाळच," नवऱ्याने फोनमधला फोटो जुळवून जाहीर केलं.

"दगडी असेल तर खाली टणक सांगाडा नको? हे मऊ दिसतंय."

"तू बाटल्या उकळ. प्रवाळ माझ्यावर सोड."

उकळण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. बाटल्या, चमचे, पाहुण्यांनी हाताळलेला खुळखुळा, काही सुटत नाही. तो ऑफिसला गेल्यावर मी दगड बेसिनमध्ये ठेवला आणि नेमकं बटणांवर किटलीभर उकळतं पाणी ओतलं. लेक शेजारी खुर्चीत बसून बघत होती. स्वच्छतेचे संस्कार लवकर झालेले बरे. चकचकीत दगडाचा फोटो नवऱ्याला पाठवला, खाली लिहिलं, 'एक किटली उकळतं पाणी!'

तासाभरात तोंडात लोखंडाची चव, मग खोकला, हुडहुडी. लेकीची छाती भात्यासारखी हलू लागली.

"सर्दी असेल," नवरा फोनवर म्हणाला. "दगड पाण्याबाहेर किती वेळ होता?"

मग दुकानदाराला फोन लावला. 'सांगितलं होतं' असं तो म्हणाला नाही, हा त्याचा मोठेपणा.

"त्या बटणांत विष असतं, उकळतं पाणी पडलं की ते वाफेतून पसरतं, वहिनी. बाळाला उचला, बाहेर पडा, थेट दवाखान्यात जा. डॉक्टरांशी मी बोलतो."

लेकीला प्राणवायू लावला. श्वास जरा सावरला, तेव्हा खाटेशी बसलेला नवरा हळूच म्हणाला, "त्याच दगडाचा तुकडा मी एका मास्तरांना दिलाय. दुकानात ओळख झाली. त्यांच्याकडेही बटणं वाढली होती, म्हणून तू पाठवलेला दगडाचा फोटो पुढे पाठवला. कसं साफ केलं तेही लिहिलं."

आमच्या घरातून सल्ला एवढा झटपट कधी पोचला नव्हता.

लेक आज दूध प्यायली. मास्तरांचा फोन कालपासून नुसता वाजतोय. पत्ता आमच्याकडे नाही, दुकानदाराकडेही नाही. निवृत्त आहेत, एकटे राहतात, खिडकीत टँकचा निळा उजेड असतो म्हणे. तुमच्या इमारतीत असे कुणी असतील, तर आधी जाऊन दार वाजवा. उघडलं नाही तर मदत बोलवा, एकट्याने आत शिरू नका.