स्मरणपत्र बंद

आमच्या कार्यालयातले भांडारपाल आणि आस्थापनेच्या बाई यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं, म्हणून दोघंही जिवंत होती.

बाई दिवसाला चाळीसेक मेल पाठवायच्या. तक्रार पंख्याची असली तरी पहारेकऱ्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना प्रत. तासाभरानं ‘नम्र स्मरण’. मग पार्टिशनवर टकटक, "मेल पाहिलात का, भाऊ?"

शेवटी भांडारपालांनी साहेबांच्या मागे लागून नियमावली मंजूर करून घेतली. एका विषयाला एकच मेल. ज्याचं काम त्यालाच. स्मरणपत्र बंद. मेल केलेली गोष्ट पुन्हा तोंडी सांगायची नाही. वर बाईंचा प्रत्येक मेल परस्पर कचरापेटीत जाईल अशी सोय केली आणि पार्टिशनवरून मान काढून कळवलंही.

"तुमचं साहित्य आता थेट कचऱ्यात बरं का, बाई!"

"उत्तम," बाई म्हणाल्या.

भांडारपालांची बायको दुसऱ्या शहरात नोकरीला. सहा वर्षं ते दर शनिवारी बॅग उचलून तिकडे पळत. तिथल्या शाखेत बदलीसाठी अर्ज केलेला. हुकूम मुख्य कार्यालयातून यायचा, त्यात बाईंचा काय संबंध, अशी त्यांची समजूत.

एका सोमवारी कळलं, ती जागा भलत्यालाच गेली. भांडारपाल तणतणत पार्टिशनपलीकडे गेले.

"मला कुणी विचारलं का नाही?"

"मी विचारलं ना. मुख्य कार्यालयाला माझ्यामार्फत तुमची संमती हवी होती. तीन ओळींचा मेल, प्रत कुणालाही नाही. मुदत शुक्रवार, पाचपर्यंत."

"तो कचऱ्यात जाणार हे ठाऊक होतं तुम्हाला!"

"तुम्हीच सांगितलंत."

"मग टकटक करायची! पंख्यासाठी पार्टिशन फोडत होतात की!"

"नियम चौथा, भाऊ. खाली सही तुमची."

"दुष्ट आहात तुम्ही!"

"लेखी द्या. मला एकटीला. प्रत नको."

फोनवर बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "मला हसत हसत सांगितला होतास, तोच ना हा कचरापेटीचा पराक्रम?" म्हणाली आणि फोन ठेवला.

भांडारपालांनी बाईंना फेरविचाराचा अर्ज मेल केला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी कचरापेटी उघडली.

‘अर्ज पोचला. पुढची जागा तीन वर्षांनी. स्मरणपत्र पाठवले जाणार नाही.’

भांडारपालांनी ती सोय तिथल्या तिथे काढून टाकली आणि पार्टिशनकडे कान लावून बसले.

तीन वर्षं बाईंनी त्याला बोटही लावलं नाही.