गाठ गिळणारी पिशवी

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. उजेडबाबांनी काळ्या पिशवीतून स्कॅनची फिल्म काढून दिव्यासमोर धरली. मेंदूतली द्राक्षाएवढी गाठ गायब! सगळ्यात जोरात टाळ्या पिटत होते डोक्याला पट्टी बांधलेले दातांचे डॉक्टर. डोकं त्यांचंच होतं ना!

पंधरा दिवसांपूर्वी दवाखान्यातला बल्ब बदलायला ते पेशंटच्या खुर्चीवर चढले. ती खुर्ची मागे कलते, हे ते रोज पेशंटना सांगत. स्वतःला सांगायचं राहिलं. सहा टाके पडले. आत रक्तस्राव नाही ना, म्हणून स्कॅन केला, तर रक्त नव्हतं, गाठ होती.

"साधी आहे, पण डोळ्याच्या नसेवर दाब येतोय," सर्जन म्हणाले. "महिन्याभरात काढू. उशीर केलात तर नजर जाईल."

दाढेतली कीड मंत्रानं मरत नाही, म्हणून वीस वर्षं पेशंटना झापणारे डॉक्टर टरकले आणि तडक बाबांकडे गेले.

"फिल्मवरची नावाची पट्टी काप, बाळा," बाबा म्हणाले होते. "नाव म्हणजे अहंकार. त्याला ऊर्जा चिकटत नाही."

पन्नाशीच्या बाळानं मुकाट्यानं कापली.

सभेहून घरी येऊन त्यांनी पिशवीतून निघालेली नवी फिल्म खिडकीला लावली. "बघ! ऑपरेशन रद्द. फोन दे."

बायकोनं चष्मा चढवला. "अहो, बाबांनी गाठीबरोबर तुमचा ब्रिजही नेला की काय?"

"कसला ब्रिज?"

"खालच्या तीन दातांचा, धातूचा. धातू फिल्मवर पांढराफटक दिसतो, असं तुम्हीच सांगता ना? या कोपऱ्यातल्या चित्रात जबडा आहे, पण धातूचा मागमूस नाही. जीभ फिरवून बघा."

डॉक्टरांनी जीभ फिरवली. ब्रिज जागच्या जागी होता. दिवसाला वीस जबडे तपासणाऱ्या माणसानं त्या फिल्ममध्ये जबडा सोडून सगळं पाहिलं होतं.

पुढच्या सभेत बाबांनी एका आजींची फिल्म पिशवीत सरकवली, तोच डॉक्टर मंचावर चढले. एका हातात फिल्म, तोंडाचा मोठा आ. "हा धातू दिसतोय? फिल्ममध्ये नाही. हे डोकं माझं नाहीच!"

पुढच्या रांगेतल्यांनी पिशवी उलटी केली. आत चोरकप्पा, एकीकडे आजींची फिल्म, दुसरीकडे रद्दीतून आणलेली, नावाची पट्टी कापलेली कुणा धडधाकट माणसाची. बाबा मागच्या दारानं पसार झाले.

"मंडळी, मी घाबरलो आणि शिकलेलं सगळं गुंडाळून ठेवलं," डॉक्टर म्हणाले. "घाबरण्यात लाज नाही. पण गाठ गेली असं कुणी सांगितलं, तर दवाखान्यात जाऊन पुन्हा स्कॅन करून घ्या. मंगळवारी माझं ऑपरेशन आहे. आजी, चला, आजच सर्जनना दाखवू."

"मला कोण नेणार, डॉक्टर?" आजी म्हणाल्या.

"मी नेतो. मला अजून दिसतंय."