नाक्याची मागची खिडकी

उजाडायच्या आत द्वारकाबाईंनी दुष्काळातून तगलेली म्हैस पिळली, दूध फडक्यातून गाळले आणि त्या ते हॉटेलात घालायला निघाल्या. तोवर त्यांच्या नवऱ्याने, तात्याराव गवंड्यांनी, रात्रभर भिजलेला चुना फावड्याने खालीवर केला, शिळी भाकरी चहात बुडवून खाल्ली आणि थापी-ओळंबा घेऊन बेंबळीच्या वेशीबाहेरचा जुना जकात नाका गाठला. निजामाच्या वेळची ती इमारत आता दूध सोसायटीची होणार होती. सोमवारपासून दूध तिथेच घालायचे होते.

मागच्या भिंतीत कमरेइतक्या उंचीवर एक खिडकी होती. तात्यारावांच्या बौद्धवाड्यातल्या माणसांनी पूर्वी जकात तिथून वाकून द्यायची. आत पाऊल टाकायचे नाही. तात्यारावांनी सकाळभर तिच्या कडा चुन्याने घोटून आरशासारख्या केल्या. सोसायटीचे चेअरमन नानासाहेबांनी बजावलेच होते, "तात्याराव, खांब, कोनाडे, खिडक्या, समदं हाय तसं ऱ्हाऊ द्या. मागची खिडकीबी कामाला यील. तुमच्या बाया तिथनं दूध देतील. म्होरं गर्दी नको."

नानासाहेब मनाने वाईट नव्हते. दुष्काळात त्यांनी आपली विहीर साऱ्या गावाला खुली केली होती. म्हणूनच तात्याराव उलटून बोलले नव्हते.

दुपारी भाकरी घेऊन आलेल्या द्वारकाबाई खिडकीपाशी थबकल्या.

"मामंजी हितंच वाकायचे न्हवं?"

"व्हय."

"आन् आता म्या वाकू? पैसं भरून सोसायटीचा भाग घेतलाय म्या, भीक न्हाय मागितली. दूध हॉटेलातच घालीन. ठेवा तुमची खिडकी तुमच्यापाशी."

"माझी कशी गं?"

"मग एवढी नटवली कुणी तिला?"

तात्यारावांनी हातातला घास खाली ठेवला. मग उठून त्यांनी ओला गिलावा खरवडला. आवारात पडलेले जुने दगड उचलून बाहेरच्या अंगाने खिडकी चिणली, वरून भिंतीच्याच रंगाचा हात मारला. आतल्या अंगाने वीतभर पोकळी राखून तिचा कोनाडा केला आणि दूध तपासायच्या बाटल्या मावतील अशी सागवानी फळी बसवली.

दिवेलागणीला त्यांनी नाक्याची किल्ली नानासाहेबांच्या हातात दिली.

"मागची खिडकी बुजवली, नानासाहेब. दूध समद्यांचं म्होरल्या दारानं येऊ द्या."

नानासाहेब काही बोलायच्या आत ते नेहमीसारखा राम राम न करता, "जय भीम" म्हणून घराकडे वळले.