दोन व्याह्यांचा कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. आरवत नाही, बोलतोय. माझं आरवणं तुम्ही ऐकता आणि कूस बदलून पुन्हा झोपता, म्हणून म्हटलं एकदा तुमच्याच भाषेत सांगून बघावं.

माझा जन्म निमगाव केतकीच्या अलीकडच्या एका वस्तीवर, छबूबाईंच्या परड्यात झाला. आम्ही बरीच भावंडं होतो. काही घारीने नेली, काही मुंगसाने आणि उरलेली पाहुण्यांनी. मी राहिलो तो माझ्या रूपामुळे. लालभडक तुरा, मानेवर सोनेरी झालर, शेपटीत हिरवी-काळी पिसं. छबूबाई मला बघून एकदा म्हणाल्या, "ह्यो देवाचा." मला वाटलं, माझं कौतुक चाललंय.

छबूबाईंचं घर ख्रिस्ती. वस्तीच्या कडेला, कडुलिंबाखाली त्यांच्या मंडळीचं छोटं चर्च होतं. दगडी भिंती, वर कौलं आणि घंटेच्या जागी टांगलेला रुळाचा तुकडा. पाळक उमापसाहेब इंदापुरात राहायचे आणि सायकलवरून यायचे. रविवारी उपासना, बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, शनिवारी पेटी-तबल्यावर गाण्याची तालीम. आणि पावसाळा सरून बाजरी घरात आली की हंगामाचा सण.

हंगामाच्या सणाला जो तो आपल्या नव्या पिकातलं काहीतरी आणून देवाला वाहतो. बाजरीची कणसं, भोपळे, ऊस, अंडी, कोंबड्या. उपासना झाली की अंगणात त्या सगळ्याचा लिलाव होतो. त्यातही एक रीत आहे. बोली जिंकलेल्याने वस्तू घरी न नेता "पुन्हा देवाला" म्हणून परत मेजावर ठेवली, तर त्याचा मोठा मान. मग तीच वस्तू पुन्हा विकायला निघते. एखादा भोपळा असा चारचारदा विकला जातो आणि शेवटी ज्याच्या घरात त्या दिवशी भाजी नसते तो मुकाट्याने उचलून नेतो.

चौपन्न सालच्या हंगामाला त्या मेजावर मी होतो.

मला वाहिलं होतं छबूबाईंच्या मालकांनी, रावजींनी. कालव्याच्या पाण्यावर वांगी आणि मिरची काढणारा हा माणूस, बोलायला तिखट आणि मनाने वांग्यासारखा मऊ. त्यांची लेक लीला आदल्या उन्हाळ्यात आबाजींच्या घरी दिली होती. आबाजी ऊसवाले, ओढ्यापलीकडच्या वस्तीचे, त्याच मंडळीतले. दोघे व्याही रविवारी एकाच बाकावर बसायचे.

व्याह्याचा मान राखायचा म्हणून आबाजींनी माझ्यावर चढी बोली लावली आणि मला जिंकलं. मग देवाचाही मान राखायचा म्हणून ते मोठ्याने म्हणाले, "पुन्हा देवाला." लोकांनी माना डोलावल्या. रावजींचा चेहरा मात्र उतरला. बायकोने हाताने दाणे घालून वाढवलेला कोंबडा, आणि व्याह्याने तो उंबऱ्याआतसुद्धा नेला नाही. लग्नातल्या मानपानाच्या काही आठवणी अजून ओल्या होत्या, त्याही वर आल्या. रावजींनी बोली लावून मलाच परत घेतलं आणि आबाजींपेक्षा मोठ्याने म्हणाले, "पुन्हा देवाला." आता आबाजींना वाटलं, आपण एवढा मान केला आणि हा माणूस आपल्यावर कुरघोडी करतोय.

मग काय विचारता. प्रत्येक बोलीला पाळकसाहेब मला पायांना धरून उंच करायचे. दोन अब्रूदार माणसांचा अभिमान त्या दिवशी मी उलटा लटकून पाहिला. शेवटच्या बोलीला दोघेही एकदमच ओरडले, आणि ती कुणाची हे कुणालाच ठरवता येईना. तेव्हा पाळकसाहेबांनी कंटाळून माझे पाय सोडले आणि जाहीर केलं की कोंबडा देवाचा झाला, लिलाव बंद. दोघे व्याही दोन वाटांनी घरी गेले. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद झालं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं की मनात अढी असेल तोवर दोघांनीही प्रभुभोजनाच्या मेजाकडे, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायला, येऊ नये. शिवाय समेट होईल त्या दिवशी सगळी मंडळी एका पंगतीला बसेल आणि ह्याच कोंबड्याचा रस्सा होईल. पाळकसाहेबांचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूच्या माणसांपासून मी तेव्हापासून जपून राहतो.

म्हणजे माझी गत अशी झाली की हे दोघे भांडत होते तोवर मी जिवंत, आणि गोड झाले की मी पातेल्यात.

मला चर्चच्या आवारातच ठेवलं. झाडलोट करणाऱ्या प्रयागबाई माझ्याकडे बघत. त्या एकट्या, तोंडाने फटकळ. सकाळी मला दाणे टाकताना म्हणायच्या, "खा बाबा, वजन वाढीव." रविवारी मंडळी जमली की समेटासाठी खास प्रार्थना व्हायची. सगळे डोळे मिटून शांती मागायचे, पण त्या प्रार्थनेला मला हळद-खोबऱ्याचा वास यायचा. "आमेन" म्हणून डोळे उघडले की निम्म्यांची नजर आधी खिडकीतल्या माझ्याकडे जायची.

दोघे व्याही अजून एकाच बाकावर बसायचे, कारण दुसऱ्या बाकावर गेलं तर हरल्यासारखं झालं असतं. फक्त मधे एका माणसाची जागा मोकळी सोडायचे. गाणं सुरू झालं की एकमेकांपेक्षा मोठ्याने गायचे. पेटीवाला बिचारा कुणाच्या सुरात वाजवावं म्हणून दोघांच्या मधलाच सूर धरायचा. पाळकसाहेब उपदेशात "आता शेवटचा मुद्दा" म्हणायचे, आणि मी प्रामाणिकपणे त्या वेळी आरवायचो. त्यानंतर आणखी दोन मुद्दे असतात हे मला कळायला नाताळ उजाडला.

हे सगळं मजेचं होतं, लीला सोडून.

लीलाला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तुम्हाला सांगायला नको. रविवारी ती आणि छबूबाई सतरंजीवर शेजारी बसायच्या. पुरुषांच्या भांडणात बायकांनी बोलायचं नाही असं घरी बजावलेलं, म्हणून डोळे मिटायची वेळ झाली की दोघी एकमेकींचा हात घट्ट धरायच्या. माझे डोळे प्रार्थनेत उघडे असतात, त्यामुळे मला ते दिसायचं. उपासनेनंतर लीला लिंबाखाली यायची, पदरातले जोंधळे माझ्यापुढे टाकायची आणि मलाच सांगायची, "माझं बा न्यायला येत न्हाईत, आन् मामंजी धाडत न्हाईत. मला आईजवळ जायाचंय रं."

मला तिचं वाईट वाटायचं. खरंच वाटायचं. पण ती माहेरी गेली म्हणजे समेट झाला, आणि समेट झाला म्हणजे माझं काय, हेही मला कळत होतं. मी दाणे टिपायचो आणि गप्प बसायचो. जोंधळे गोड लागायचे नाहीत.

असा उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला. त्या दिवशी दुपारची उपासना तीन तास चालते. उन्हाने कौलं तापली होती. लीला आता जडावली होती, तरी दारातल्या माठापाशी बसून येणाऱ्याला पाणी देत होती. लोणी भापकरहून आलेल्या एका पाहुण्याने पाणी पिता पिता रावजींना विचारलं, "ते आबाजी म्हंजी तुमचंच व्याही न्हवं?"

रावजी म्हणाले, "कोण आबाजी? म्या न्हाय वळखत त्येला."

लीलाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दारात उभ्या असलेल्यांनी ते ऐकलं, बायकांनी ऐकलं आणि मीही ऐकलं. रावजी आत जाऊन बाकाच्या आपल्या टोकाला बसले.

पाळकसाहेब वाचू लागले. प्रभूने आपल्या शिष्याला, पेत्राला, आधीच सांगितलं होतं की कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. आता प्रभूला धरून नेलंय, पेत्र अंगणात शेकत बसलाय आणि लोक त्याला विचारताहेत, तू त्याच्याच बरोबरचा ना? तो एकदा नाही म्हणतो, दुसऱ्यांदा नाही म्हणतो. मी खिडकीत बसून लीलाकडे बघत होतो. ती रडत नव्हती, नुसती खाली बघत होती. पेत्राने तिसऱ्यांदा नाही म्हटलं, पाळकसाहेब श्वास घ्यायला थांबले, आणि मी आरवलो.

मुद्दाम आरवलो की सहज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एवढं खरं की इतकं लांब आणि इतकं स्वच्छ मी पूर्वी कधी आरवलो नव्हतो.

पोरंही हसली नाहीत. एकेक मान वळली ती माझ्याकडे नाही, रावजींकडे. रावजींनी उपरण्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मग ते उठले आणि बाकावरच्या त्या मोकळ्या जागेत जाऊन बसले.

"आबाजीराव," ते म्हणाले, "मघाशी दारात म्या तुमची वळख नाकारली. चुकलं माझं. पोरीला माहेरी धाडा."

आबाजींनी सरकून त्यांना नीट जागा करून दिली. मग म्हणाले, "तिचं बोचकं म्हैना झाला बांधून ठिवलंय. न्यायला कुणी आल्याबिगर सून धाडायची कशी? तुमची वाट बघत हुतो."

"आन् म्या म्हंतो, तुमचा सांगावा आल्याबिगर यायाचं कसं?"

दोघांनीही रीतच पाळली होती. बायकांच्या बाजूने पहिल्यांदा हुंदका आला आणि मग हसू आलं, आणि दोन्ही छबूबाईंचं होतं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसून पुढे वाचायला घेतलं. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं प्रयागबाईंनी माझ्याकडे वळून पाहीपर्यंत टिकलं.

ईस्टरच्या सकाळी दोघे व्याही प्रभुभोजनाला शेजारी शेजारी गुडघे टेकून बसले. बाहेर चुलीवर मोठं पातेलं चढलं होतं, मसाला वाटून तयार होता आणि प्रयागबाई पायरीच्या दगडावर सुरी घासत होत्या. मी डालग्याखाली होतो. मला पश्चात्ताप झाला नाही, पण भीती पुष्कळ वाटली.

आता कोंबडा कापायला मालकाने सांगावं लागतं. रावजी म्हणाले की शेवटची बोली आबाजीरावांची होती, कोंबडा त्यांचा. आबाजी म्हणाले छे, जन्मला तुमच्या परड्यात, तो तुमचाच. सहा महिने जो कोंबडा दोघांचाही होता, तो समेट झाल्याबरोबर कुणाचाच राहिला नाही. तुमी सांगा, न्हाय तुमीच सांगा, असं चालू असताना भात शिजून गाळ झाला आणि पोरं रडायला लागली.

तेव्हा लीला पुढे आली. "ऱ्हाऊ द्या त्येला," ती म्हणाली. "माझ्या बाळंतपणात रस्सा लागंल." दोघांनाही ते एकदम पटलं. पंगत रावजींच्या वांग्यांवर उठली आणि मी लीलाबरोबर बैलगाडीतून तिच्या माहेरी, म्हणजे माझ्याही माहेरी गेलो. गाडीत तिने डालग्याच्या फटीतून एक जोंधळा आत सरकवला.

पाऊस सुरू व्हायच्या आधी मुलगा झाला. पाचव्या दिवशी छबूबाई सुरी घेऊन आल्या, तर लीला म्हणाली, कोंबडीच्या नुसत्या वासाने मळमळतं. दहाव्या दिवशीही मळमळलं. चाळिसाव्या दिवशीही मळमळलं. छबूबाई आई होत्या, त्यांना कळलं असणार. त्यांनी सुरी वांग्यांना लावली. मुलाचा बाप्तिस्मा झाला आणि नाव ठेवलं शलमोन.

यंदा पुन्हा हंगामाचा सण आला. दोन्ही आजोबांनी एकमताने ठरवलं की नातवाच्या नावाने कोंबडा देवाला वाहायचा. लीलाने मळमळ सांगून पाहिली, पण वाहायला मळमळ आड येत नाही. मी पुन्हा मेजावर, पाय बांधलेला.

आणि या वेळी गर्दीत बारामतीचा एक खानावळवाला होता. बाजाराला आलेला, लिलाव दिसला म्हणून थांबलेला. त्याला आमची रीत ठाऊक नव्हती. त्याने माझी मांडी दाबून पाहिली आणि बोली लावली.

मी रावजींकडे पाहिलं. रावजींनी आबाजींकडे पाहिलं. "घ्या की, तुमचा मान." आबाजी म्हणाले, "तुमच्या आधी म्या कसा बोलू?"

"एक बार," पाळकसाहेब म्हणाले.

दोघेही हसून एकमेकांना हाताने पुढे करत होते. मी उलटा लटकलेला. जन्मात पहिल्यांदा मी देवाकडे काही मागितलं. देवा, फार नको, पण ह्या दोघांना थोडंसं भांडू दे.

"दोन बार."

मी होता नव्हता तेवढा जीव गोळा करून आरवलो. लीलाच्या कडेवर झोपलेला शलमोन दचकला आणि त्याने असा टाहो फोडला की खानावळवाला दोन पावलं मागे सरला. लीलाने झटकन पोराची मूठ धरून वर केली.

"साहेब, शलमोनाची बोली आली," ती म्हणाली.

सगळं अंगण हसलं. दोन्ही आजोबांचे हात एकदमच कनवटीला गेले. खानावळवाल्याने बिचाऱ्याने एक भोपळा घेतला आणि एस. टी. पकडली. पाळकसाहेबांनी जाहीर केलं की कोंबडा शलमोनाचा, आणि त्याचं काय करायचं ते शलमोनच सांगेल. आजोबांनी मधे पडायचं नाही. "त्याला दात आले की विचारू," असंही ते म्हणाले. हेतू त्यांचा नेहमीप्रमाणे चांगलाच होता.

तेव्हापासून मी आबाजींच्या अंगणात असतो. रावजी बाजारातून येता-जाता नातवाला बघायला थांबतात आणि पोराचं नाक कुणावर गेलं यावरून दोघांचं जरा जरा वाजतं. ते ऐकत मी निवांत झोपतो.

एवढंच सांगायचं होतं. आता एक विनंती. कधी निमगाव केतकीच्या बाजूला आलात तर आबाजींच्या वस्तीवर या, बाळाला खाऊ आणा, पण मऊ आणा. केळं आणा, पिकलेली पपई आणा. कडक काही देऊ नका, उगाच चावायची गोडी लागते. काल सकाळी लीलाने त्याच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि हसतच दोन्ही आजोबांना हाक मारली, पण मग तिची नजर माझ्यावर गेली आणि ती एकदम गप्प झाली.

खालचे दोन आलेत.