घनवादाला अस्तर

घनवाद या शब्दानेच माझा घात केला. आर्किटेक्चरच्या वर्गात सरांनी प्रत्येकाला एकेक कलाप्रवाह वाटून दिला होता, आणि त्यावरून एका लहानशा दवाखान्याचं डिझाइन करायचं होतं. माझ्या वाट्याला घनवाद आला. मी आव पाहिला ना ताव, फोमबोर्डचे सोळा ठोकळे कापले आणि एकावर एक रचले. घनवाद म्हटल्यावर घन नकोत का?

सरांना आम्ही खोडरबर म्हणतो, कारण दुसऱ्यांच्या रेघा पुसायला ते एक रबर कायम खिशात बाळगतात. त्यांनी मॉडेलभोवती एक फेरी मारली.

"साबणाचं दुकान काढलंयस का?"

वर्ग खो-खो हसला. माझे कान तापले.

"अगं, नावावर जाऊ नकोस. त्या चित्रकारांना ठोकळे नव्हते काढायचे. एकच वस्तू सगळ्या बाजूंनी एकदम बघायची होती. परवा ज्युरी आहे, मॉडेलची शेवटची तपासणी. तेव्हाही हेच आणलंस, तर पुढच्या वर्षी पुन्हा याच वर्गात भेटू."

एक वर्ष वाया! मी घरी आले ती धुसफुसतच. मी आत्याकडे राहते. ती शिवणकाम करते; पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. मी धपकन तिच्या टेबलावर रेलले.

"सगळ्या बाजूंनी एकदम कसं दिसेल गं? डोक्याला चारी बाजूंनी डोळे लावायचे का?"

"कोपर उचल आधी. पाठ आहे ती."

मी खाली बघितलं. टेबलावर बेतलेलं कापड पसरलं होतं. पाठ, समोरचे दोन भाग, बाह्या, कॉलर, सगळं शेजारी शेजारी. अंगावर चढल्यावर पाठ आणि पोट एकदम कधी दिसत नाहीत. इथे दोन्ही दिसत होती.

"आत्या, हाच घनवाद!"

"हा पोस्टमनचा कोट आहे," आत्या म्हणाली. "अस्तर बेतायचं राहिलंय अजून."

मग मी तिला दवाखान्याबद्दल खोदून खोदून विचारलं. आजोबांना ती दर आठवड्याला तपासायला न्यायची.

"बाकावरून दार दिसायचं, पण डॉक्टरांची खोली नाही. बाबा आत गेले की जीव नुसता टांगणीला. मी चार-चार तास तिथे बसायचे, पण पाणी प्यायलासुद्धा उठले नाही कधी."

मी ठोकळे मोडले. दवाखाना कोटासारखा उलगडून मांडला. मधे बाक ठेवला आणि भिंतींत अशा फटी कापल्या की बाकावरून दार, पाण्याचा नळ आणि तपासणीची खोली एकाच नजरेत यावी. मी मनातून जाम खूश होते.

ज्युरीला सरांनी चक्क टेबलावर गाल टेकवला आणि बाकाच्या उंचीवरून आत बघितलं.

"दार दिसतं. नळ दिसतो. डॉक्टर दिसतात. वा!" ते थांबले. "आणि शर्ट काढून बसलेला पेशंटही दिसतो. त्याला विचारलंस?"

आत्याच्या बाजूने बघता बघता आजोबांची बाजू मी साफ विसरले होते. सरांचा हात खिशाकडे गेला.

"थांबा सर! अस्तर राहिलंय."

"काय राहिलंय?"

मी ट्रेसिंग पेपरची एक पट्टी फाडली आणि तपासणीच्या खोलीच्या फटीला आतून चिकटवली. फटीपलीकडे पुठ्ठ्याचा माणूस आणि मोबाइलचा उजेड धरला. सरांनी पुन्हा गाल टेकवला. आता माणूस दिसत नव्हता, नुसती त्याची सावली दिसत होती.

"हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"पोस्टमनच्या कोटात, सर."

ते हसले नाहीत. खिशातून पेन काढलं आणि माझ्या शीटवर 'पास' लिहिलं.

मी धावतच घरी आले. आत्या कोटाला अस्तर टाचत होती. मी मॉडेल तिच्यासमोर ठेवलं, सगळं समजावलं. तिने सुई खाली ठेवली, वाकून त्या फटीतून बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिली.

"म्हणजे बाबांची सावली मला दिसली असती?"

"हो."

"हलताना वगैरे?"

"हो गं आत्या."

"मग मी पाणी प्यायला उठले असते," ती म्हणाली.