सदा तांडेलाच्या विहिरीची वेळ

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात सदा तांडेलाची विहीर आहे ती खाडीपासून हाकेच्या अंतरावर, आणि म्हणून तिचा स्वभाव खाडीच्या हातात. भरती चढली की विहिरीत खार शिरतो, ओहोटी तळाला गेली की तेच पाणी पुन्हा गोड. बरं, भरती काय घड्याळ बघून येते? रोज पाऊण तास पुढे सरकते. म्हणजे पंपही रोज वेगळ्या वेळेला लावायचा. सदाने हे चाळीस वर्षं केलं, आणि तेही बोटांवर मोजून. तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. ना कागद, ना पेन.

पण पंपाचं बटन होतं विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोपीत, तीन शेवाळलेल्या पायऱ्या उतरून. गेल्या साली त्याच पायऱ्यांवरून सदा घसरला आणि मनगट मोडून बसला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घरात एकटा. थोरला मुलगा विनेश उलव्याला राहतो, बंदरातल्या ट्रेलरची कामं बघतो. त्याने तेव्हाच सांगून टाकलं, "बास झालं. बाबा, तू आता माझ्याकडं यायचंस. गॅलरीची खोली तुझ्यासाठी मोकळी केलीय."

यात विनेशचं काय चुकलं, सांगा? बापाचा हात प्लास्टरमध्ये बघून कुठल्या मुलाचा जीव थाऱ्यावर राहील? पण सदाला उलवं म्हटलं की जेवण जात नसे. तो भांडत नव्हता, हेच वाईट. नुसता ओटीवर बसून खाडीकडे बघत राहायचा.

मग मध्ये पडली किशोरी. सदाची धाकटी, पनवेलला दिलेली, आणि बंगल्यांतले पंप-दिवे आपोआप चालवणाऱ्या नव्या मुंबईतल्या एका कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारी. ती भावाला म्हणाली, "एक महिना दे मला. पाडव्यापासनं अमावास्येपर्यंत. पंप, दिवे, सगळं आपोआप चाललं आणि बाबाला एकदाही खोपीत उतरायला लागलं नाही, तर बाबा इथंच राहील. नाहीतर ने."

"आणि टाकीत खारं पाणी आलं तर?"

"एक बादली जरी आली तरी ने."

बोलून गेली खरी. बहीणभावात शब्द म्हणजे शब्द. ऑफिसला घरून काम करायची परवानगी काढून ती पाडव्याच्या दहा-बारा दिवस आधीच माहेरी येऊन राहिली.

पहिल्या खेपेला तिने पंपाजवळच्या छोट्या सर्किटमध्येच वेळ लिहून टाकली होती. दुसऱ्या दिवशी ती वेळ चुकीची, म्हणून पुन्हा प्रोग्रॅम बदला, पुन्हा चढवा. दिव्यांचं वेगळं, फाटकाचं वेगळं. तिसऱ्या दिवशी ती स्वतःवरच वैतागली. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवते की सेटिंग आणि प्रोग्रॅम एकत्र कालवू नका, आणि बापाच्या घरात हा गोंधळ! तेव्हा तिने गो नावाच्या कॉम्प्युटर-भाषेत एक वेगळी लहानशी सर्व्हिस, म्हणजे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम, लिहायला घेतली. तिचं काम एकच, सगळ्या घराच्या सेटिंग सांभाळायच्या. शोकेसमध्ये, आईच्या फोटोशेजारी, पत्त्याच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर ठेवला, त्यावर ही सर्व्हिस. पंप, दिवे, फाटक यांनी दर दहा मिनिटांनी तिला विचारायचं, आता मी काय करू? ती सांगेल तसं वागायचं. अडीनडीला हाताने पंप लावता यावा म्हणून एक बटन सदाच्या फोनवरही दिलं.

हे सगळं तिने सदाला समजावलं. तो विडी विझवून म्हणाला, "म्हंजे होडीवरचा तांडेल. खलाशानं जालं कवा टाकायचं ते तांडेल सांगतो. खलाशाचं डोकं न्हाय चालवायचं."

"बरोब्बर, बाबा!" किशोरीला हसू आलं. ऑफिसात हेच सांगायला तिला दोन मीटिंगा लागल्या होत्या.

या तांडेलाला तिथी शिकवायचं काम दोघांनी मिळून केलं. सदा पंचांग मांडीवर घेऊन एकेक दिवस वाचून दाखवी आणि किशोरी टाईप करी. सर्व्हिसने रोजची तिथी बघायची, पाऊणपट करायची, दिवसाउजेडीची ओहोटी काढायची. एखाद्या दिवशी आकडा बिघडलेला दिसला, तर अडून बसू नये म्हणून तिने एक ठरीव वेळ घालून ठेवली, दुपारी बारा. त्या वेळेला कोणी पाणी वापरत नाही, विजेचा दाबही बरा असतो. शहरातल्या बंगल्यांना ती हीच वेळ देत असे, हाताला सवयच होती.

आणि चाललं की हो! पाडवा गेला, अष्टमी गेली. पौर्णिमेचं उधाण आलं, खाडीचं पाणी वाडीच्या बांधाला लागलं, पण पंप शहाण्यासारखा संध्याकाळी सव्वापाचला सुरू झाला आणि टाकीत शहाळ्यासारखं गोड पाणी. विनेशचा रोज फोन यायचा, "आज कसं?" किशोरी म्हणायची, "गोड." वद्य पक्षाची चतुर्दशी उलटली, तेव्हा ती मनातल्या मनात जिंकून मोकळी झाली होती.

अमावास्येला रविवार आला. विनेश शब्दाप्रमाणे गाडी घेऊन जेवायला यायचा होता. सकाळी धुणी-भांडी, अंघोळी यांत टाकी तळाला गेली होती, पण संध्याकाळी भरणारच होती ती. बारा वाजायच्या सुमाराला किशोरी नारळ आणि पाव आणायला बाजारात गेली. परत आली तर विनेशची गाडी दारात आणि विनेश मोरीपाशी उभा, थुंकत.

"खारं!" तो म्हणाला. "चूळ भरली तर तोंडात मीठ. किशे, हे काय हाय?"

किशोरीने नळाखाली हात धरून जिभेला लावला. खारं होतं.  एकोणतीस दिवस गोड आणि तिसाव्या दिवशी भर उधाणात पंप चालला? कसा?

तेवढ्यात ओटीवरून सदा म्हणाला, "तिचं काय चुकलं न्हाय. मीच लावला पंप. फोनवर बोट पडलं माजं."

 विनेशने हात पुसले आणि बापाशेजारी जाऊन बसला. आवाज चढवला नाही त्याने. "बघ बाबा. हिचं काम झकास होतं, मी मानलं. पण तुझ्याच्यानं आता होत न्हाय. आज बोट पडलं, उद्या गॅस उघडा राहील. चल तू. कपडे भर."

"व्हय," सदा म्हणाला. "चल."

खरं सांगायचं तर त्या क्षणी किशोरीला हायसं वाटलं. आपला प्रोग्रॅम नाही चुकला! आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. बाप घर सोडायला निघालाय आणि मला माझ्या कामाचं पडलंय? सदा आत जाऊन खुंटीवरचे सदरे काढायला लागला. एका हाताने, दुसरं मनगट अजून नीट वळत नव्हतं.

तिला तिथे बघवेना. ती लॅपटॉप उघडून बसली, नुसतं हाताला काहीतरी काम हवं म्हणून. सर्व्हिस काय काय करते त्याची मिनिटामिनिटाची नोंद ठेवलेली असते. तिने आजची नोंद काढली.

बारा वाजता पंप सुरू. फोनवरून नाही. कोणीही बटन दाबलेलं नव्हतं. तिथी ३०, अमान्य, म्हणून ठरीव वेळ लावली.

बारा वाजून नऊ मिनिटांनी पंपाची वीज गेली.

किशोरीने कपाळावर हात मारून घेतला. पंचांगात अमावास्या तीसच्या आकड्याने छापतात. सदाने तीस वाचलं, तिने तीस लिहिलं, लहानपणापासून तेच बघत आलेली, त्यात विचार करण्यासारखं काय होतं? आणि त्याच्या आठवडाभर आधी तिनेच लिहून ठेवलं होतं की तिथी एक ते पंधराच असते, बाकीचं सगळं चूक. तेही खरंच. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिची दोन्ही लिखाणं बरोबर होती, फक्त एकमेकांना भेटली नव्हती. पौर्णिमा पंधराची, ती निभावली. अमावास्या आली आणि सर्व्हिसने तिला वेडगळ आकडा समजून, कोणाला एका शब्दाने न विचारता, शहरातल्या बंगल्याची वेळ लावून टाकली. भर भरतीला.

ती उठली आणि आत गेली. विनेश बापाची पिशवी धरून उभा होता.

"दादा, पिशवी ठेव. बाबा खोटं बोलतोय. चूक माझी आहे." आणि तिने लॅपटॉपचा पडदा त्याच्यासमोर धरला, तीसचं सगळं रामायण सांगितलं. "आणि हे बघ. बारा-नऊला वीज गेली. बाबा, तूच बंद केलंस ना?"

सदा सदऱ्याची घडी घालत राहिला. "पंपाचा आवाज आला. म्हटलं, आज आणि बाराला? ओटीवरचा पंपाचा मेन स्विच खाली ओढला."

"खोपीत उतरलास?" विनेशने विचारलं.

"कशाला? मेन हाय ना हाताशी."

"मग बोट पडलं म्हणून का सांगितलंस?" किशोरी म्हणाली. "बाबा, घर जात होतं तुझं!"

सदाने सदरा खाली ठेवला. "महिना झाला बघतोय तुला. पाठ मोडून लिवतेस. तुज्या भावानं तुज्या कामाला हसावं, ते मला नको. मी काय, निजायला जागा तिकडं पन हाय."

किशोरीला रडू आवरेना. ती बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, अगदी शाळेतल्या पोरीसारखी, आणि विनेश दोघांकडे पाठ करून खिडकीतून बघत राहिला. त्याचंही नाक लाल झालं होतं, पण तो कबूल करायचा नाही.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, "पण शब्द शब्द हाय, किशे. बादली खारी आली."

"आली," ती म्हणाली. "मी हरले. पण ओहोटीपर्यंत थांब. मग काय ते ठरव."

टाकी रिकामी करून टाकली, पंपाचा मेन पुन्हा वर केला. शेजारून घागरभर पाणी आणून जेवणं उरकली आणि किशोरी कामाला बसली. तीसचा आकडा दुरुस्त करणं दोन मिनिटांचं काम होतं. ते तिने मुद्दाम मागे ठेवलं. आधी ती ठरीव वेळच मुळापासून उपटली. बाराला कोणी पाणी वापरत नाही, हे तिचं तिने ठरवलं होतं. या खाडीकाठी ठरवणारी ती कोण? तिने नवीन नियम लिहिला. समजलं नाही तर अंदाज करायचा नाही. पंप गप्प ठेवायचा आणि घरधन्याला विचारायचं.

चार वाजता सदाचा फोन वाजला. पडद्यावर अक्षरं आली, "आजची तिथी समजली नाही. पाणी चढवू का?" खाली दोन बटनं, हो आणि नाही.

सदाने खाडीकडे बघितलं आणि नाही दाबलं.

साडेचारला पुन्हा. नाही. पाचला पुन्हा. नाही.

"आता दाब ना!" विनेश वैतागला. "सव्वापाचला ओहोटी, गणित तर मलापण येतंय."

"गप रे. पुनवेपेक्षा आजचं उधान मोठं हाय, खार उतरायला वेळ लागतो." सदा ओटीच्या कडेला बसून होता. समोर होड्या चिखलात कलल्या होत्या आणि गाळातले खुंट बुडापर्यंत उघडे पडत होते. साडेपाचला फोन वाजला. त्याने लगेच बोट लावलं नाही. शेवटचा खुंट बघितला, मान हलवली, आणि मग हो दाबलं.

खोपीत पंप घुमायला लागला. दहा मिनिटांनी विनेश मोरीत गेला. नळ सोडल्याचा आवाज आला, मग चूळ भरल्याचा, मग घटाघटा पिण्याचा. बाहेर आला तो तोंड पुसत.

"फोन बाबाच्या हाताशी नसला तर?" त्याने किशोरीला विचारलं.

"तर पंप चालणार नाही. एक दिवस पाणी नाही, पण खारंही नाही."

"तसं नको. दुसरा नंबर माझा घाल."

"त्याचा कशाला?" सदा खाडीवरची नजर न काढता म्हणाला. "तो मलाच फोन करून विचारील, बाबा, काय दाबू?"

"व्हय, विचारीन," विनेश म्हणाला. "रोज विचारीन."

त्याने सदऱ्यांची पिशवी आत नेऊन एकेक सदरा पुन्हा खुंटीला लावला, गाडीची चावी घेतली आणि उलव्याला एकटाच निघाला. सदा त्याला सोडायला फाटकापर्यंत गेला नाही. टाकी भरेपर्यंत त्याला ओटीवरून हलता येणार नव्हतं.